दीर्घिकांची दाटी आणि वाकलेला प्रकाश: ‘थ्री बाय टू पॉइंट’ विश्लेषण स्वतः करून पाहण्यासाठी

विश्वाच्या एकूण घनतेत द्रव्याचा वाटा किती, आणि ते द्रव्य किती गुठळ्या धरून बसलं आहे, हे दोन आकडे दीर्घिकांच्या मोठ्या सर्वेक्षणांतून काढता येतात. पहिल्याला ओमेगा-एम म्हणतात, दुसऱ्याला सिग्मा-८. ते काढण्याची आजची रुळलेली पद्धत म्हणजे ‘थ्री बाय टू पॉइंट’: तीन प्रकारचे द्विबिंदू सहसंबंध (ठरावीक अंतरावरच्या दोन बिंदूंची मोजमापं एकमेकांशी किती जुळतात) मोजायचे आणि तिन्हींना एकाच प्रतिकृतीत बसवायचं. पदव्युत्तर पातळीचं भौतिकशास्त्र आणि बऱ्यापैकी पायथन येत असेल, तर याची छोटी आवृत्ती १६ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवरही होते. खाली ती डार्क एनर्जी सर्व्हेच्या (डीईएस) खुल्या डेटावर कशी करायची ते सांगितलं आहे.

डीईएसची निरीक्षणं चिलीतल्या सेरो टोलोलो वेधशाळेत, ४ मीटरच्या ब्लांको दुर्बिणीवर, ५७ कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्याने २०१३ ते २०१९ या काळात ७५८ रात्री झाली. आपण वापरणार आहोत तो ‘वाय-३’, म्हणजे पहिल्या तीन वर्षांचा डेटा. त्यात ४१४३ चौरस अंशांतल्या सुमारे १० कोटी दीर्घिकांचे आकार मोजलेले आहेत.

एकाच सहसंबंधावर का भागत नाही

हे आधी नीट डोक्यात बसवा. पुढच्या प्रत्येक पायरीत काय महत्त्वाचं आणि काय सोडून दिलं तरी चालेल, हे त्यावरच ठरतं.

जवळच्या दीर्घिका आकाशात किती दाटीने बसल्यात हे मोजलं, तर दीर्घिकांच्या दाटीचा चढउतार मिळतो. आपल्याला हवा असतो द्रव्याचा. दीर्घिका तयार होतात त्या द्रव्याच्या दाट जागी, त्यामुळे त्यांची दाटी द्रव्यापेक्षा जास्त उठावदार असते. हे गुणोत्तर म्हणजे बायस. मोजलेल्या दाटीच्या सहसंबंधात बायस आणि सिग्मा-८ दोघंही वर्गात, एकमेकांना गुणून येतात. समजा बायस १.५ आणि सिग्मा-८ ०.८० आहे. गुणाकार १.२. आता बायस १.६ आणि सिग्मा-८ ०.७५ घ्या. गुणाकार पुन्हा १.२. नुसत्या दाटीवरून या दोन विश्वांत फरक करता येणार नाही.

आता याच जवळच्या दीर्घिकांच्या मागे असलेल्या दूरच्या दीर्घिकांचे आकार पाहा. पुढच्या द्रव्यामुळे मागचा प्रकाश किंचित वाकतो आणि मागच्या दीर्घिका पुढच्या दीर्घिकेभोवती स्पर्शरेषेच्या दिशेने थोड्या ताणलेल्या दिसतात. या ताणाला शिअर म्हणतात. इथे बायस एकदाच येतो आणि सिग्मा-८ वर्गात. पहिल्या विश्वात १.५ गुणिले ०.६४ म्हणजे ०.९६, दुसऱ्यात १.६ गुणिले ०.५६२५ म्हणजे ०.९०. सहा टक्क्यांचा फरक पडला आणि गाठ सुटली. तिसरा सहसंबंध मागच्या दीर्घिकांच्या आकारांचा आपसांतला, म्हणजे कॉस्मिक शिअर. त्यात बायस मुळी येतच नाही, पण तो आकारमापनाच्या चुकांना सगळ्यांत हळवा. प्रत्येकाची दुखरी जागा वेगळी, म्हणून एकाची चूक दुसरा पकडतो. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १: डेटा उतरवणं

डीईएसच्या डेटा व्यवस्थापन संकेतस्थळावरून दोन गोष्टी घ्यायच्या.

पहिली, तयार द्विबिंदू फाइल. फिट्स स्वरूपातल्या या छोट्या फाइलमध्ये प्रकल्पाने मोजलेले तिन्ही सहसंबंध, त्यांचा कोव्हेरिअन्स (आकड्यांच्या त्रुटी आणि त्या एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत याचा तक्ता) आणि दीर्घिकांच्या प्रत्येक गटाचं रेडशिफ्ट वितरण असतं. रेडशिफ्ट म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती लाल झाला ते; त्यावरून अंतर कळतं. सुरुवात इथूनच करा. मूळ कॅटलॉगला हात घालण्याआधी हे आकडे आलेखावर काढा, म्हणजे आपलं मोजमाप कुठे जायला हवं याचा अंदाज येतो.

दुसरी, कॅटलॉग. ते एचडीएफ-५ स्वरूपात आणि अवाढव्य असतात. मूळ ‘गोल्ड’ कॅटलॉगमध्ये सुमारे ३९ कोटी वस्तू आहेत आणि त्या सगळ्या वापरायच्या नाहीत. सोबतच्या इंडेक्स फाइलमध्ये ‘सिलेक्ट’ नावाचा स्तंभ आहे, त्यातले क्रमांक घेतले की १० कोटींचा आकार-कॅटलॉग मिळतो. ही फाइल न वापरता थेट वाचणं ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यात तारे, कडेच्या तुटक्या प्रतिमा, अगदी पुसट ठिपके असं सगळं येतं आणि सिग्नल दबून जातो.

मेमरीचा हिशेब: एका दीर्घिकेसाठी विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), आकाराचे दोन घटक, वजन आणि प्रतिसादाचे दोन आकडे असे सात स्तंभ लागतात. १० कोटी ओळींना साडेपाच जीबी होतात, आणि गाळताना प्रती तयार झाल्या की १६ जीबी संपतात. डेटा कमी करायलाच हवा. तो कसा करता यावर बरंच काही अवलंबून आहे. दर दहा दीर्घिकांतली एक उचलून विरळ नमुना घेतला, तर जोड्या शंभरपटीने घटतात आणि शिअरमधला गोंगाट दहापट होतो. त्याऐवजी एक दशांश क्षेत्रफळाचा सलग तुकडा सगळ्या दीर्घिकांसह घेतला, तर जोड्या दहापटीने घटतात आणि गोंगाट जेमतेम सव्वातीनपट होतो. म्हणून ४०० चौरस अंशांचा सलग तुकडा घ्या. त्यात साधारण १ कोटी मागच्या आणि १० लाख पुढच्या दीर्घिका येतील.

पायरी २: पुढच्या आणि मागच्या दीर्घिका वेगळ्या करणं

पुढच्यांसाठी डीईएसचा ‘मॅगलिम’ नमुना घ्या. त्याची अट साधी आहे: आय-फिल्टरमधली प्रत (उजेडाचं माप; मोठा आकडा म्हणजे पुसट) १७.५ पेक्षा जास्त आणि ‘चार गुणिले रेडशिफ्ट अधिक १८’ पेक्षा कमी. म्हणजे ०.३ रेडशिफ्टला १९.२ प्रतीपर्यंतच्या दीर्घिका घेतल्या जातात, ०.९ ला २१.६ पर्यंतच्या. रेडशिफ्टचे सहा गट आहेत: ०.२० ते ०.४०, ०.५५ पर्यंत, ०.७० पर्यंत, ०.८५ पर्यंत, ०.९५ पर्यंत आणि १.०५ पर्यंत. तुम्ही पहिले चारच वापरा. शेवटचे दोन डीईएसने स्वतःही मुख्य निकालातून वगळले, कारण त्यांच्यासह कुठलीच प्रतिकृती नीट बसत नव्हती. मागच्या दीर्घिकांचे चार गट कॅटलॉगमध्ये आधीच पाडलेले आहेत.

‘रेडमॅजिक’ हा लाल दीर्घिकांचा दुसरा नमुनाही मिळतो. त्याचं रेडशिफ्ट जास्त अचूक, म्हणून मोह होतो. पण वाय-३ मध्ये त्याची दाटी आणि त्याच्याभोवतीचा शिअर यांतून निघणारे बायस जुळले नाहीत, सुमारे दहा टक्क्यांचं अंतर राहिलं. वर ज्या परस्पर-तपासणीबद्दल लिहिलं, तिने प्रत्यक्षात पकडलेली ही चूक. दोष नमुना निवडण्याच्या निकषात असावा असं पुढच्या तपासात दिसलं: निकष सैल केल्यावर अंतर बरंच कमी झालं.

पायरी ३: मास्क आणि रँडम बिंदू

दाटी मोजायची म्हणजे विचारायचं: योगायोगाने पडल्या असत्या त्यापेक्षा दीर्घिकांच्या जोड्या किती जास्त आहेत? ‘योगायोगाने’ म्हणजे काय, हे रँडम बिंदू सांगतात. सर्वेक्षणाने जिथे पाहिलं तिथेच, आणि जितकं नीट पाहिलं त्या प्रमाणात, हे बिंदू पसरायचे. दाटीच्या मोजमापातल्या बहुतेक चुका इथे होतात, त्यामुळे या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. लोक उलट करतात: रँडम दहा मिनिटांत उरकतात आणि मग प्रतिकृती का बसत नाही म्हणून महिनाभर डोकं धरून बसतात.

मास्क, म्हणजे कुठे पाहिलं गेलं याचा नकाशा, हीलपिक्स पद्धतीत (आकाशाचे समान क्षेत्रफळाचे पिक्सेल), ४०९६ विभाजनाचा मिळतो. एका पिक्सेलची बाजू ०.८६ कला, म्हणजे पूर्ण क्षेत्रात दोन कोटींच्या आसपास पिक्सेल. (एका अंशाच्या साठ कला. पुढे सगळे कोन कलांतच आहेत.) प्रत्येक पिक्सेलचा किती भाग खरोखर पाहिला गेला, याचा अपूर्णांकही दिलेला असतो. तेजस्वी ताऱ्यांभोवतीची भोकं त्यातच येतात. तो अपूर्णांक रँडम बिंदू ठेवण्याची संभाव्यता म्हणून वापरा.

रँडम बिंदू दीर्घिकांच्या किमान वीसपट हवेत. ते टाकताना क्रांती सरळ समान प्रमाणात निवडली तर घात होतो. गोलावर क्रांतीची ज्या, म्हणजे साइन, समान प्रमाणात निवडायची असते. डीईएसचं क्षेत्र दक्षिणेला उणे ६० अंशांच्याही खाली जातं. तिथे कोज्या निम्मी होते, त्यामुळे चुकीच्या पद्धतीने टाकलेले बिंदू विषुववृत्तापेक्षा दुप्पट दाट पडतात. मग सहसंबंधात मोठ्या कोनांवर एक खोटा उतार येतो आणि तो पाहून काही जणांना नवीन भौतिकशास्त्र सापडल्यासारखं वाटतं. साधी चाचणी: रँडम बिंदूंचा क्रांतीनुसार हिस्टोग्राम काढा आणि त्याला त्या पट्टीतल्या मास्कच्या क्षेत्रफळाने भागा. रेषा आडवी यायला हवी.

त्यापुढची अडचण आकाशाची. ज्या रात्री हवा अस्थिर होती त्या भागात पुसट दीर्घिका कमी सापडतात. जिथे आपल्या आकाशगंगेचे तारे दाट, तिथे काही तारे दीर्घिका म्हणून घुसतात आणि काही खऱ्या दीर्घिका झाकल्या जातात. सीइंग (हवेमुळे येणारी धूसरता), खोली (किती पुसट वस्तू दिसतात), आकाशाचा उजेड, ताऱ्यांची घनता, आंतरतारकीय धूळ यांचे नकाशे उपलब्ध आहेत. प्रत्येक नकाशाचे दहा भाग पाडा, भागागणिक दीर्घिकांची सरासरी घनता काढा. कुठे एकदोन टक्क्यांपेक्षा जास्त कल दिसला तर त्याच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं. मॅगलिमसोबत अशी वजनं तयार मिळतात. पहिल्यांदा तीच वापरा, आणि एकदा वजनांशिवाय मोजून फरक डोळ्यांनी पाहा. स्वतः वजनं काढताना डझनावारी नकाशे एकदम बसवू नका. प्रत्येक नकाशा योगायोगाने खऱ्या रचनेशी थोडासा जुळतोच. दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही खरा सिग्नलच पुसून टाकाल.

पायरी ४: दाटी मोजणं

ट्रीकॉर ही पायथन लायब्ररी वापरा. २.५ ते २५० कला या पल्ल्यात लॉगरिदमिक अंतराने २० खाने, हा डीईएसचा आराखडा. तुमचा तुकडा ४०० चौरस अंशांचा, म्हणजे जेमतेम २० अंश बाजूचा असेल, तर १०० कलांवर थांबा. त्यापुढे स्वतंत्र जोड्या फार कमी उरतात.

सूत्र लँडी आणि झलाय यांचं, १९९३ मधलं: दीर्घिका-दीर्घिका जोड्या, उणे दुप्पट दीर्घिका-रँडम जोड्या, अधिक रँडम-रँडम जोड्या, आणि सगळ्याला रँडम-रँडम जोड्यांनी भागायचं. तिन्ही संख्या आधी आपापल्या एकूण जोड्यांनी भागून घ्यायच्या. ते ट्रीकॉर करतं, पण वजनं कॅटलॉग वाचतानाच द्यावी लागतात. ३० कलांच्या आसपास उत्तर काही शतांश यायला हवं. ०.३ आलं तर मास्क चुकला असं धरून मागे जा.

पायरी ५: आकारांवरून शिअर

एका दीर्घिकेवरून शिअर कधीच कळत नाही. दीर्घिका मुळातच लांबट असतात आणि या लांबटपणाचा पसारा दर घटकामागे ०.२६ च्या आसपास आहे. शोधायचा सिग्नल मात्र टक्क्याचा किंवा त्याहून कमी. शिअर ०.००१ इतक्या अचूकतेने हवा असेल, तर ०.२६ भागिले ०.००१ चा वर्ग, म्हणजे सुमारे ६७,६०० दीर्घिकांची सरासरी लागते.

वाय-३ चे आकार मेटाकॅलिब्रेशन पद्धतीने काढलेले आहेत. तिच्यात प्रत्येक प्रतिमेला कृत्रिमपणे ०.०१ इतका शिअर देऊन आकार पुन्हा मोजतात. दिलेल्या शिअरला मोजलेला आकार किती प्रतिसाद देतो हे त्यातून कळतं. हा प्रतिसाद १ नसतो, गटानुसार ०.६ ते ०.८ च्या दरम्यान असतो. कॅटलॉगमधला आकार म्हणजेच शिअर असं समजून पुढे गेलात, तर सिग्नल पाव ते एक तृतीयांश कमी येईल. कॉस्मिक शिअरमध्ये तो दोनदा येत असल्यामुळे जवळपास निम्मा.

प्रतिसाद दीर्घिकेगणिक भागू नका. एकेकट्या दीर्घिकेचा प्रतिसाद गोंगाटाने भरलेला, कधी ऋणही असतो. गटाची वजनासह सरासरी काढून तिनेच भागायचं. दुसरा भाग निवडीचा: दीर्घिका निवडताना लावलेली अट, समजा सिग्नल-गोंगाट गुणोत्तराची, ही स्वतःच शिअरवर अवलंबून असते. म्हणून कॅटलॉगमध्ये निवडीच्या पाच आवृत्त्या असतात: एक मूळ आणि चार कृत्रिम शिअर दिलेल्या. प्रत्येक आवृत्तीच्या निवडीत मूळ आकारांची सरासरी काढून फरक घ्यायचा. ही दुरुस्ती छोटी असते, पण आपल्याला टक्क्याच्या आतली अचूकता हवी आहे. तुम्ही नवीन अट घातली की हा भाग नव्याने काढावा लागतो, हे विसरू नका.

मग प्रत्येक गटाच्या दोन्ही घटकांची सरासरी काढून ती प्रत्येक दीर्घिकेतून वजा करा. एवढ्या मोठ्या क्षेत्रात ती शून्याजवळ हवी. उरलेली सरासरी बहुधा दुर्बिणीच्या पीएसएफची, म्हणजे ठिपक्यासारखा तारा प्रतिमेत जसा पसरतो त्या आकाराची, देणगी असते.

पायरी ६: शिअरचे दोन सहसंबंध

पुढच्या दीर्घिकांभोवती मागच्यांचा स्पर्शरेषीय शिअर मोजा, आणि तोच रँडम बिंदूंभोवती मोजून वजा करा. १० कलांवर आकडा काही दहाहजारांश असेल. मागच्या दीर्घिकांचे आपसांतले सहसंबंध दोन: क्सी-प्लस आणि क्सी-मायनस, म्हणजे जोडीच्या रेषेच्या संदर्भात मोजलेल्या आकाराच्या दोन घटकांच्या सहसंबंधांची बेरीज आणि वजाबाकी. दूरच्या गटांत १० कलांवर क्सी-प्लस एक लाखांशाच्या घरात येतो.

आता एक खूण, जी तासन्‌तास वाचवेल. क्सी-प्लस झकास दिसतोय, पण स्पर्शरेषीय शिअर आणि क्सी-मायनस दोन्ही शून्याला चिकटलेत? तर आकाराच्या दुसऱ्या घटकाचं चिन्ह उलटं आहे. विषुवांश डावीकडे वाढतो की उजवीकडे, याबद्दल वेगवेगळ्या कॅटलॉगांचे संकेत वेगळे असतात. क्सी-प्लसला या चिन्हाने फरक पडत नाही, बाकीच्या दोघांचा पार निकाल लागतो. त्या स्तंभाला उणे एकने गुणा आणि पुन्हा मोजा.

याच टप्प्यावर शून्य-चाचण्या करून घ्या. पुढच्या दीर्घिकांभोवतीचा ४५ अंश फिरवलेला शिअर शून्य यायला हवा, कारण गुरुत्वाकर्षण तो निर्माण करत नाही. ताऱ्यांभोवतीचा स्पर्शरेषीय शिअर शून्य हवा. पुढच्या नमुन्याच्याही अलीकडे असलेल्या दीर्घिकांवर सिग्नल दिसता कामा नये. दिसला तर रेडशिफ्ट चुकलंय किंवा दोन्ही नमुने एकमेकांत मिसळलेत.

पायरी ७: रेडशिफ्ट वितरण

सगळ्यांत नाजूक दुवा हाच. फक्त चार-पाच फिल्टरमधल्या उजेडावरून अंतर ठरवायचं असतं, त्यामुळे एकेका दीर्घिकेचं रेडशिफ्ट ढोबळच राहतं. आपल्याला एकेकाचं नको, गटाचं वितरण हवं. पण एकेकाच्या अंदाजांचा हिस्टोग्राम म्हणजे वितरण नव्हे. त्या हिस्टोग्राममध्ये अंदाजाची धूसरता आणि कल दोन्ही मिसळलेले असतात.

वाय-३ मध्ये हे काम स्व-संघटित नकाशांनी केलं. काही छोट्या क्षेत्रांचे खूप खोल फोटो, अतिनील आणि अवरक्त फिल्टरसह, उपलब्ध आहेत. तिथल्या दीर्घिकांची रेडशिफ्ट नीट माहीत असतात. रंगांच्या साधर्म्यावरून मोठ्या क्षेत्रातल्या दीर्घिकांना त्यांच्याशी जोडतात, आणि वर्णपट असलेल्या दीर्घिकांशी त्यांची दाटी कुठे जुळते यावरून पुन्हा पडताळतात. एवढं करून मागच्या चार गटांच्या सरासरी रेडशिफ्टमधली अनिश्चितता ०.०११ ते ०.०१८ इतकी राहते. तुम्ही द्विबिंदू फाइलमधली तयार वितरणं घ्या आणि प्रत्येकाला सरकवणारा एक चल प्रतिकृतीत ठेवा.

पुढचा नमुनाच वर्णपटांतून घेतला तर यातली निम्मी डोकेदुखी टळते. सुबारू दुर्बिणीच्या हायपर सुप्रीम-कॅम सर्वेक्षणाच्या तिसऱ्या वर्षाच्या विश्लेषणात तसंच केलं: पुढच्या दीर्घिका ‘बॉस’ या वर्णपट सर्वेक्षणातल्या, मागच्या सुबारूच्या. त्या मापनात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा मोठा वाटा आहे.

पायरी ८: सिद्धांताचा आकडा

कॉस्मोसिस हा सांगाडा घ्या. त्यात डीईएस वाय-३ चं तयार उदाहरण येतं. आत कॅम्ब द्रव्याचा पॉवर स्पेक्ट्रम (कुठल्या पल्ल्यावर गुठळ्या किती ठळक) काढतं, हॅलोफिट छोट्या पल्ल्यावरची अरेषीय वाढ जोडतं, आणि रेडशिफ्ट वितरणांवरून कोनीय सहसंबंध निघतात. आधी कुठलाही चल न हलवता एकदाच चालवा आणि उत्तर डेटावर ठेवून पाहा. दोन गोष्टींवर नजर हवी. दाटीसाठी मोठ्या कोनांवर लिंबर सन्निकर्ष, म्हणजे दृष्टिरेषेच्या दिशेचा तपशील सोडून देणारं सोपं सूत्र, पुरत नाही. आणि सिद्धांत खान्याच्या मध्यबिंदूवर न काढता सबंध खान्यावर सरासरी घेऊन काढायचा, कारण मोजमाप तसंच केलेलं असतं.

शेजारच्या दीर्घिका एकाच भरती-ओहोटीच्या बलाखाली वाढल्यामुळे मुळातच एका दिशेला झुकलेल्या असतात. हे प्रकाश वाकवणाऱ्या द्रव्याचं, म्हणजे गुरुत्वीय भिंगाचं, काम नव्हे, पण शिअरसारखंच दिसतं. वाय-३ ने यासाठी पाच चलांची प्रतिकृती वापरली. शिकताना एकच चल पुरे.

पायरी ९: कुठे कापायचं

छोट्या पल्ल्यावर बायस साधा गुणक राहत नाही, आणि कृष्णविवरांच्या झोतांमुळे वायू बाहेर फेकला जाऊन द्रव्याचीच मांडणी बदलते. तो भाग टाकून द्यायचा. डीईएसने दाटीसाठी ८ आणि पुढच्या-मागच्या शिअरसाठी ६ मेगापार्सेक भागिले एच (एच म्हणजे हबल स्थिरांकाचा शंभरावा भाग) अशी मर्यादा घेतली. कोनात रूपांतर सोपं आहे. ०.३ रेडशिफ्टला सहगामी अंतर सुमारे ८३६ मेगापार्सेक भागिले एच. ८ ला त्याने भागून ३४३८ ने गुणलं की ३३ कला. पहिल्या गटात ३३ कलांखालचं सगळं गेलं. चौथ्या गटात, ०.७७५ ला, हीच मर्यादा साडेचौदा कलांवर येते. चारही गट धरून मूळ ८०० आकड्यांपैकी साडेचारशेच्या आसपास उरतात. कापलेल्या भागातच सिग्नल सगळ्यांत ठळक असतो, त्यामुळे हात आखडतो. तरी कापा, आणि उत्तर पाहण्याआधी कापा.

पायरी १०: कोव्हेरिअन्स आणि चल शोधणं

पूर्ण विश्लेषणासाठी द्विबिंदू फाइलमधला कोव्हेरिअन्स वापरा. स्वतःच्या तुकड्यासाठी तो क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात वाढवला, म्हणजे सुमारे दहापट केला, तर सरावापुरतं भागतं. ट्रीकॉरमध्ये जॅकनाइफही (क्षेत्राचा एकेक तुकडा वगळून पुन्हा मोजून त्रुटी काढणं) होतं, पण ते फक्त कर्णावरचे आकडे पडताळायला ठेवा. १०० तुकड्यांचं जॅकनाइफ आणि ८० आकड्यांचा डेटा असेल, तर व्यस्त मॅट्रिक्सला लावायचा हार्टलॅप गुणक १८ भागिले ९९, म्हणजे ०.१८ येतो. इतक्या मोठ्या दुरुस्तीवर विसंबण्यात अर्थ नाही. शिवाय तुकड्याची बाजू मोजायच्या कोनापेक्षा मोठी असावी लागते. ४०० चौरस अंशांचे १०० तुकडे केलेत तर बाजू २ अंश, म्हणजे १२० कला. अगदीच काठावर.

खऱ्या विश्लेषणात तीसच्या आसपास चल असतात आणि त्यासाठी पॉलीकॉर्ड किंवा नॉटिलस हे सॅम्पलर (चलांच्या शक्य किमती चाचपणारे प्रोग्रॅम) बऱ्याच कोअरच्या संगणकावर चालवावे लागतात. तुम्ही ओमेगा-एम, स्पेक्ट्रमची उंची आणि चार बायस असे सहाच चल मोकळे सोडा, बाकी स्थिर ठेवा. ते लॅपटॉपवर होतं. मात्र अशा उत्तराच्या त्रुटीपट्ट्या खऱ्यापेक्षा अरुंद येणार, हे आलेखाखाली लिहून ठेवा. ओमेगा-एम आणि सिग्मा-८ यांचा आलेख केळ्यासारखा वाकलेला येईल. म्हणून निकाल एस-८ मध्ये देतात: सिग्मा-८ गुणिले, ओमेगा-एम भागिले ०.३ याचं वर्गमूळ. केळ्याच्या आडव्या दिशेला, जिथे डेटा खरोखर काही सांगतो, तिथे हा आकडा मोजतो.

शोध चालवण्याआधी डोळ्यांवर पट्टी बांधायची सोय करा. डीईएसमध्ये डेटालाच एका गुप्त विश्वाच्या दिशेने सरकवून ठेवतात आणि सगळ्या चाचण्या संपल्यावरच पडदा काढतात. घरी सोपा मार्ग: आलेखाच्या अक्षांवरचे आकडे लपवा आणि कुठल्याही प्रकाशित निकालाची रेषा त्यावर काढू नका. उत्तर अपेक्षित जागी आलं की माणूस चुका शोधणं थांबवतो, अपेक्षित जागी नाही आलं की शोधत राहतो. यातून येणारा कल कुठल्याही त्रुटीपट्टीत धरला जात नाही.

उत्तर आल्यावर तुलना

डीईएस वाय-३ चा प्रकाशित निकाल: एस-८ ०.७७६ अधिक-उणे ०.०१७, ओमेगा-एम ०.३३९. विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालात एस-८ ०.८३२ अधिक-उणे ०.०१३. फरक ०.०५६, दोन्ही त्रुटी वर्ग करून मिळवल्या तर ०.०२१, म्हणजे २.६ सिग्मा (त्रुटीच्या २.६ पट). हा हिशेब सगळे करतात आणि इथेच फसतात. दोन्ही विश्लेषणांत न्यूट्रिनोंचं वस्तुमान आणि इतर चलांच्या मर्यादा वेगळ्या धरलेल्या आहेत, आणि एस-८ ही अनेक चलांतली एकच दिशा. सगळे चल धरून, समान मर्यादांखाली तुलना केली तेव्हा डीईएसने स्वतः दिलेला फरक १.५ सिग्मा आहे. २०२५ मध्ये आलेल्या किड्स-लेगसीच्या (किड्स हे असंच दुसरं दीर्घिका सर्वेक्षण) कॉस्मिक शिअर निकालात एस-८ ०.८१५ च्या आसपास निघून प्लँकशी जुळलं, आणि आधीच्या किड्स निकालापासून वर सरकण्यात सुधारलेल्या रेडशिफ्ट मोजणीचा मोठा हात होता.

तुमच्या ४०० चौरस अंशांतून येणारी त्रुटीपट्टी या वादात काही म्हणण्याइतकी अरुंद असणार नाही. तिथे पाहायचं ते वेगळंच: फक्त दाटीतून निघणारा बायस आणि पुढच्या-मागच्या शिअरमधून निघणारा बायस, चारही गटांत, सिग्मा-८ एकच धरून. शिअरमधला बायस भागिले दाटीतला बायस हे गुणोत्तर त्रुटीच्या आत १ येत असेल तर मोजमाप ठीक आहे. सगळ्या गटांत सारखंच कमी येत असेल तर प्रतिसादाने भागायचं राहिलं आहे का ते पाहा. एकाच गटात बिनसत असेल तर त्या गटाची वजनं आणि रेडशिफ्ट वितरण तपासा, आणि पायरी ३ पासून पुन्हा सुरू करा.